एकशे एकातली चौसष्टावी

हंसाबाईच्या हजार वातींपैकी चारशे दहा वळून झाल्या होत्या आणि चारशे अकरावी मांडीवर अर्धी पिळलेली होती, तेव्हा गुलाबसिंग दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हात धुऊन ये."

गुलाबसिंग राठोड हा हंसाबाईचा नवरा. सकाळी मोटारसायकलवर नागपूरला गेला होता. परत आला तो एसटीने, आर्णीच्या स्टँडवरून पायी, बगलेत एक लांबट काळी पेटी घेऊन. हंसाबाईने आधी त्याच्या मागे गल्लीत पाहिलं आणि मग पेटीकडे.

"गाडी कुठी हाये?"

"गाडीचं सोड. पहिले हात धू. साबनानं."

"श्रावनाच्या वाती वळून राह्यली मी. देवाच्या कामातले हात हायेत. याच्याहून सोवळे हात कुठून आनू?"

"कापसाचे तंतू चिकटतेत," गुलाबसिंग म्हणाला, आणि स्वतःच मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला. देवपूजेआधी हा माणूस बोटांची टोकं भिजवून काम भागवत असे, म्हणून हंसाबाईला कौतुक वाटलं आणि तिने वाती बाजूला ठेवल्या.

पेटी उघडली. आत लाल मखमलीवर मोरपंखी रंगाची इलेक्ट्रिक गिटार निजली होती. तिच्या पोटावर चंदेरी शाईने काहीतरी खरडलेलं होतं.

"हे कोनं खराब केली?"

"सही हाये थे. लोबो साहेबाची."

"सही तर आपल्या गाडीच्या कागदावर बी होती."

"थे आरटीओवाल्याची होती, हंसा."

गाडी नागपूरच्या एका गिटारवाल्याकडे गेली होती. तो धंदा सोडून जावयाकडे राहायला निघाला होता, त्याला गाडी हवी होती. गुलाबसिंगला गिटार हवी होती. दोघांनी एकमेकांना फसवल्याचा आनंद घेऊन निरोप घेतला होता.

लोबो साहेब कोण हे जगाला माहीत नव्हतं, आणि हीच त्यांची थोरवी, असं गुलाबसिंग सांगे. मुंबईच्या स्टुडिओत हा माणूस चाळीस वर्षं गिटार वाजवत बसला. सिनेमाच्या गाण्यात दोन कडव्यांच्या मधे आठ-दहा सेकंदांचा जो तुकडा येतो, ज्यात नायिका एका झाडामागून निघून दुसऱ्या झाडामागे जाते, तो तुकडा साहेबांचा. नायिका झाडापाशी पोचली की साहेबांचं काम संपलं. कॅसेटवर गाणाऱ्याचं नाव, संगीत देणाऱ्याचं नाव, कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा पत्ता; साहेबांचं नाव नाही. पण गावोगावच्या गिटारवाल्यांनी गाणी सोडून तेवढेच तुकडे पाठ केले होते. देवळात जाऊन नंदीच्याच पाया पडून परत यावं, तशातली गत.

साहेब म्हातारे झाल्यावर कलकत्त्याच्या एका कंपनीला त्यांची आठवण झाली. तिने त्यांच्या सहीच्या गिटारी काढल्या. मोजून एकशे एक.

"एकशे एक?" हंसाबाई म्हणाली. "आहेराचं पाकीट हाये का?"

"तेवढ्याच काढल्या आन साचा मोडून टाकला," गुलाबसिंगने अशा गंभीरपणे सांगितलं, जणू साचा मोडायला हाच घण घेऊन गेला होता. "आपली चौसष्टावी हाये. पाय, मागं नंबर कोरला हाये."

हंसाबाईने वाकून पाहिलं. नंबर होता खरा. तिच्या प्रेशर कुकरच्या बुडालाही होता.

हा गुलाबसिंग बंजाऱ्यांच्या तांड्यात जन्मला. बाप होळीला नगारा वाजवायचा. पोरगाही नगाराच वाजवणार असं सगळ्यांनी धरलं होतं, पण आर्णीच्या यात्रेत त्याने एका ऑर्केस्ट्रातला गिटारवाला पाहिला आणि त्याचं नगाऱ्यावरून मन उडालं. पोटासाठी तो शेतातल्या पाणी ओढायच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला; जळलेल्या मोटारीची तांब्याची तार काढायची, नवी भरायची. दारव्हा रोडवर त्याचं टिनाचं दुकान होतं. संध्याकाळी त्याच काळ्या बोटांनी तो एक जुनी, मान तडकलेली गिटार वाजवायचा. तडकलेल्या जागी त्याने मोटारीचं वॉर्निश भरलं होतं, म्हणून गिटारीला पावसाळ्यात दुकानाचा वास यायचा.

पंजाबरावांच्या ऑर्केस्ट्रात तो सतरा वर्षं होता. लग्नं, हळदी, गणपती, दुर्गादेवी. नऊ माणसं आणि एक जीप. जीपमध्ये आठच मावत. नववा टपावर ढोलकासोबत बसे आणि तो बहुतेक वेळा गुलाबसिंग असे.

पण साल आलं दोन हजार सहा. कापसाचं काय चाललं होतं ते सांगायला हंसाबाईची गरज नव्हती. ते सांगायला दिल्ली-मुंबईहून माणसं येत होती. त्या वर्षी जिल्ह्यात पाऊस नेमाने पडला नसेल, पण टीव्हीवाल्यांच्या गाड्या नेमाने येत. मोटारीही जळेनाशा झाल्या, कारण मोटार जळायलासुद्धा वीज लागते, आणि ती दिवसातून किती तास यायची हे देवीलाच ठाऊक. लग्नं तर पाच माणसांत उरकू लागली. वर सामुदायिक विवाह सुरू झाले: एका मांडवात एक्कावन्न जोडपी, एकच भटजी, एकच जेवण, एकच बँड. हंसाबाईला त्यात पुण्य दिसे. पंजाबरावांना त्यात बुडालेल्या पन्नास सुपाऱ्या दिसत.

पंजाबरावांनी माणसं कमी करायला घेतली. आधी झांजवाला गेला, मग दुसरा गाणारा, मग सॅक्सोफोनवाला, ज्याचा सॅक्सोफोन तसाही अर्धाच वाजायचा. चौथं नाव गुलाबसिंगचं निघालं. कारण ऑर्गन वाजवणाऱ्या अतुलने नवा ऑर्गन घेतला होता, आणि त्यावर सत्तावीस नंबर दाबला की हुबेहूब गिटार वाजायची. ना तार, ना मान, ना टपावरची जागा.

पंजाबराव घरी येऊन बोलले होते. माणूस सभ्य, वाईट बातमी नेहमी चहा पिऊन झाल्यावर सांगत.

"दसऱ्यापर्यंत पाहू, गुलाब. पब्लिकले गिटारवाला पायजे असन, तर तू हायेस. नाई तर अतुलचं बटन हाये."

गाडी गेली ती या बटणापायी. सतरा वर्षं जपलेली ऑर्केस्ट्रातली जागा वाचवायची, तर आता साधी गिटार चालणार नव्हती. सही पाहिजे होती.

आणि सहीने पहिल्या आठवड्यातच गुण दाखवला. साहेबांची डावी करंगळी लहानपणी दारात चेमटून आखूड राहिली होती, म्हणून त्यांच्या गिटारीची मान नेहमीपेक्षा बारीक होती. गुलाबसिंगची करंगळी चांगली लांबसडक. ती त्या मानेवर मावेना. तेव्हा त्याने स्वतःची करंगळी मुडपून वाजवायचा सराव सुरू केला. आवाज लहान-मोठा करायचं बटण साहेबांच्या सवयीने खाली बसवलं होतं. तिथे हात नेताना गुलाबसिंगच्या मनगटाला रग लागे. ती रगही तो कौतुकाने सांगे. तारांखालची कॉइल साहेबांच्या देखरेखीत हाताने गुंडाळलेली होती. पाच-पाच घोड्यांच्या मोटारींच्या कॉइली भरण्यात ज्याची हयात गेली, तो माणूस काडेपेटीएवढ्या कॉइलपुढे हात जोडून उभा राही.

सोबत एक कागद होता, सोनेरी कडांचा. गुलाबसिंगने तो फ्रेम करून सेवालाल महाराज आणि जगदंबेच्या तसबिरींच्या रांगेत टांगला. हंसाबाईने तो खिळा रात्रीतून एक वीत खाली घेतला. देवीला ती याडी म्हणे, म्हणजे आई. आईच्या भिंतीवर कंपनीचा कागद टांगायला तिची ना नव्हती, पण आईच्या बरोबरीने नाही.

त्या कागदावर शेवटी एक इंग्रजी ओळ होती, ती गुलाबसिंगने अतुलकडून वाचून समजून घेतली होती: या गिटारीच्या तारा साहेबांनी स्वहस्ते चढवून सुरात लावल्या आहेत. झालं. तारा बदलायच्या नाहीत, असं त्याने ठरवलं. सूर लावायच्या खुंट्या असतात, त्यांनाही हात लावायचा नाही. साहेबांनी लावलेला सूर आपण कोण पिळणारे?

दर्शनाला माणसं येऊ लागली. गिटार वाजवणारे जिल्ह्यात इतके आहेत हे हंसाबाईला तेव्हाच कळलं. कोणी दिग्रसचा, कोणी बाभुळगावचा. येणारा आधी मोरीत हात धुई. मग पेटीसमोर मांडी घालून बसे. मग "वा" म्हणे. मग सही कुठून सुरू होते आणि कुठे संपते यावर थोडा वाद होई. वाजवायला कोणी मागत नसे. मागितली तर मिळत नसे. चहा मात्र सगळे घेत.

एकदा पांढरकवड्याचा रवी आला. तो हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचा. ट्रक स्टँडपाशी उभा करून तो घाईने आला.

"जय भीम, वहिनी. कुठी हाये ती?"

"पयले बसा तरी. चा ठेवतो."

रवीने मात्र गिटार हातात मागितली, आणि त्याचा हात जिल्ह्यात नावाजलेला म्हणून गुलाबसिंगला नाही म्हणता आलं नाही. रवीने डोळे मिटून साहेबांचा एक तुकडा सुरू केला. नायिका पहिल्या झाडामागून निघाली आणि मध्येच थांबली. रवीने डोळे उघडले.

"गुलाबभाऊ, उतरली हाये."

"काय उतरलं?"

"सूर. तारा बी गंजल्या. हे पायना, बोटाले लागते."

"थ्या साहेबाच्या हातच्या तारा हायेत."

"हात साहेबाचा असन भाऊ, पन पावसाळा तर आर्णीचा होता ना."

गुलाबसिंगने गिटार त्याच्या हातातून अलगद काढून घेतली, तान्हं मूल परक्या बाईकडून घ्यावं तशी. रवीने वाद वाढवला नाही. जाताना मात्र त्याने एक बोट त्या सहीवर ठेवलं, तेच बोट छातीला लावलं आणि म्हणाला, "चाळीस वर्षं नाव नाई लागलं याचं कुठंच. हे एक बरं केलं कंपनीनं." मग तो ट्रककडे गेला. हंसाबाईला हा एकच भक्त खरा वाटला, कारण त्याचा चहा तसाच राहिला होता.

पंजाबरावांना या गर्दीचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. त्यांनी पोस्टर छापून घेतलं. त्यावर गायिकेचा फोटो बोटभर आणि गिटारीचा हातभर होता. खाली ठळक अक्षरांत: जगात फक्त एकशे एक, यवतमाळ जिल्ह्यात फक्त एक. गुलाबसिंगचं नाव अक्षरं संपल्यामुळे राहून गेलं होतं.

"नाव काहून नाई?" हंसाबाईने विचारलं.

"साहेबाचं बी नव्हतं कॅसेटीवर," गुलाबसिंग म्हणाला. त्याला त्यात आनंदच वाटला होता.

कार्यक्रम यवतमाळच्या एका दुर्गा मंडळाचा होता, दसऱ्याच्या संध्याकाळी. तिथल्या देव्या पाहायला चार जिल्ह्यांतून लोक लोटतात, तेव्हा पब्लिकची कमी नव्हती. तिथे गिटारवाला हवा की बटण, हे ठरणार होतं.

नवमीच्या सकाळी हंसाबाईने घरातल्या हत्यारांची पूजा मांडली. विळा, कात्री, गुलाबसिंगची पकड आणि पाने, शिलाई मशीनच्या सुया. गुलाबसिंग स्वतः आंघोळ करून आला आणि गिटार पेटीतून काढून सगळ्यांच्या वर, घटाशेजारी, उभी करून बाजूला झाला. हंसाबाईने तिला हळदी-कुंकू वाहिलं. सहीवर डाग नको, म्हणून गुलाबसिंग शेजारी फडकं घेऊन उभा होता.

घरातली रीत अशी, की पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं घरात येईपर्यंत उचलायचं नाही. त्या दिवशी विळाही विसावा घेतो, भाजी हाताने तोडायची. हंसाबाईच्या सासूने एकदा नवमीला कात्री उचलली तर वर्षभर घरात शिवण उसवत राहिली, असं सांगत.

दुपारी बारा वाजता पंजाबराव जीप घेऊन दारात.

"चल गुलाब. कार्यक्रम आजच हाये. मुंबईहून कोनी मोठे पाहुने येऊन राह्यले कापसाचं दुःख पाहाले. संध्याकाळी थे देवी बी पाहातीन, आपल्याले बी पाहातीन. गिटार घे."

गुलाबसिंगने पूजेकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मांडली हाये, भाऊ. आज उचलता येत नाई."

"अबे, पोस्टर लागले हायेत!"

"पूजेतून उचलली आन स्टेजवर काई झालं तर?"

"नाई उचलली तर काय होते थे मी सांगतो तुले," पंजाबराव म्हणाले, आणि जीपमध्ये बसलेल्या अतुलकडे त्यांनी नुसतं पाहिलं. अतुलने मांडीवरच्या ऑर्गनवर हात ठेवला.

हंसाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. तिचा नवरा, ज्याने आयुष्यात एकादशीला भजी खाल्ली, तो आज शास्त्रासाठी सतरा वर्षांची जागा सोडायला तयार झाला होता. भक्ती कुठल्या वाटेने घरात येईल, सांगता येत नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि चपला घालून बाहेर गेली. तीन घरं सोडून शाळेच्या कुंपणात आपट्याचं झाड होतं. तिने झाडाला हात जोडले, पाच पानं तोडली, घरी आली, घटापुढे ठेवली आणि देवीला म्हणाली, "याडी, सोनं आलं घरात. आपल्या घरी दसरा आज हाये. बाकीच्या आर्णीचा उद्या असू दे." मग तिने अक्षता वाहिल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "उचला."

"असं चालते?"

"सोनं येईपर्यंत उचलाचं नाई, हेच सांगतलं हाये. सोनं कवा आनाचं, थे नाई सांगतलं. देवी समजदार हाये जी. तुमची कंपनीच तेवढी कडक."

तीही जीपमध्ये बसली. यवतमाळच्या देवीचं दर्शन होईल, आणि नवऱ्याचं काय होतं तेही दिसेल. मागची जागा स्पीकरांनी भरली होती आणि पेटी सीटवर ठेवावी लागली, म्हणून गुलाबसिंग टपावर बसला.

मंडळासमोरचा मांडव माणसांनी फुलला होता. पाहुणे आले, त्यांनी देवीला हार घातला, शेतकऱ्याच्या कष्टावर दोन शब्द बोलायचं ठरवून वीस मिनिटं बोलले आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले. पडदा सरकला. मोरपंखी गिटार दिव्यांत अशी झळाळली, की बायकांच्या बाजूला बसलेल्या हंसाबाईचेही क्षणभर हात जोडले गेले.

गुलाबसिंगने वायर लावली आणि अतुलच्या ऑर्गनबरोबर एक सूर छेडला. मांडवातलं एक कुत्रं उठून बाहेर गेलं.

स्टेजवर कुजबुज सुरू झाली. हंसाबाई कडेला, स्पीकरच्या शेजारीच बसली होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"गुलाबभाऊ, मिळवून घ्या ना सूर," अतुल म्हणाला.

"खुंटीले हात लावत नाई मी. तू खाली ये. तुया ऑर्गनले बटन हाये ना सूर उतरवाचं."

"मी उतरवीन. बासरीवाल्याले काय सांगू? आन गानाऱ्या बाईले? का आख्खं यवतमाळ अर्धा सूर खाली घेऊ?"

"साहेबानं लावला हाये सूर, अतुल."

"साहेबानं लावला तवा साहेब हाजर होते ना भाऊ."

पंजाबरावांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. पंजाबराव हसत-हसत गुलाबसिंगजवळ गेले, प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने गिटारीची वायर उपसून काढली.

"तू फक्त उभा राह्य. हालत राह्य जरासा. अतुल, सत्तावीस."

आणि कार्यक्रम उत्तम झाला. साहेबांचे तुकडे ऑर्गनमधून एकही चूक न होता वाजले, आणि गुलाबसिंग करंगळी मुडपून, मान हलवत, मुक्या तारांवर बोटं फिरवत उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी शेजारच्याला विचारलं, आणि शेजारच्याने सांगितलं, "एकशे एकातली एक हाये, साहेब." पाहुणे म्हणाले, "आवाजातच कळतं." फोटोवाले पुढे सरसावले. हंसाबाईला मात्र स्टेजवर पडलेलं काळ्या वायरचं टोक दिसत होतं, आणि त्याच्या वर नवऱ्याचा चेहरा. तो चेहरा तिने एकदाच पाहिला होता: बापाच्या तेरवीला, जेव्हा तांड्यातल्या लोकांनी नगारा दुसऱ्याच्या हातात दिला होता.

परतताना गुलाबसिंग टपावर बसला. कोणी बसवलं नाही, आपणहून चढला.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी पंजाबराव घरी आले. त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं. त्यात फोटो छापून आला होता: गिटार पूर्ण, खुंट्यांपासून बुडापर्यंत, आणि तिच्यामागे गुलाबसिंग, गुडघ्यापासून गळ्यापर्यंत. डोकं छपाईत कापलं गेलं होतं.

हंसाबाईने चहा दिला. पंजाबरावांनी तो संपवला, तेव्हाच तिला कळलं, की आता खरं बोलणं येणार.

"कोजागिरीले बाभुळगावचा कार्यक्रम लागला, गुलाब. मंग अजून चार हायेत. समदे म्हनून राह्यले, ती गिटार आना. पोस्टर बी छापून आले काल."

"मंग?"

"मंग असं हाये, का जीपमंदी जागा नाई. मागं स्पीकर भरले, का पाचच जन मावतेत आता. गिटारीचं जमते, पेटी मांडीवर घेता येते. तू गिटार पाठवत जाय. अतुलचा मावसभाऊ उभा राहीन घेऊन. त्याले गॉगल चांगला दिसते."

"आन मी?"

"तुले कायले त्रास देऊ, गुलाब? तसंही तू वाजवत नव्हता ना."

गुलाबसिंग उठला, आत गेला, पेटी आणली आणि पंजाबरावांच्या समोर उघडली. पंजाबरावांना वाटलं, देतोय. त्यांनी हात पुढे केले. गुलाबसिंगच्या हातात दुकानातली पकड होती. त्याने पहिली जाड तार पकडीच्या दातांत धरली आणि तिथेच थांबला. हंसाबाईला ते दिसलं.

"अजी," ती चुलीपासून म्हणाली, "देवीच्या गळ्यातला हार बी आपून दुसऱ्या दिवशी काढतोच ना. निर्माल्य म्हनून पान्यात सोडतो. याडी रागावत नाई, मंग साहेब काहून रागावतीन?"

तार टणकन तुटली. मग दुसरी. सहाही तारा गळून मखमलीवर पडल्या, गंजाचे बारीक डाग सोडत.

"अबे, हे काय केलं?" पंजाबराव उभे राहिले. "दोन दिवसांत कोजागिरी हाये. बिना तारेची गिटार दिसते कायची? काय उभं करू मी तिथं?"

"मले."

"म्हंजे?"

"नव्या तारा लावतो. सूर मी लावीन, खुंट्या पिळून. वायर लावूनच वाजवीन. गिटार माया गळ्यात येईन, नाई तर येनार नाई. अतुलले सांगजा, सत्तावीस नंबरले हात लावाचा नाई."

"जीपमंदी जागा नाई म्हनून सांगतलं ना तुले."

"पेटी मांडीवर घेता येते म्हनले ना, भाऊ," हंसाबाई म्हणाली. "मंग मानसाले बी टपावर घेता येईन. सतरा वर्षांची सवय हाये त्याईले."

पंजाबरावांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. फोटोत डोकं नव्हतं, पण हात होते. दोन हजार पोस्टरांवर गिटार होती, आणि ती या घरात तारा तुटलेल्या अवस्थेत पडली होती. त्यांनी निःश्वास सोडला. माणुसकीचा नव्हे, हिशोबाचा.

"कोजागिरीपुरतं," ते म्हणाले. "वाजली, तर पुढचे चार बी तुये. कुत्रं उठून गेलं, तर मी गॉगलवाल्याले बोलावतो."

"कुत्र्याचा बी कान पक्का हाये, भाऊ. जाईन तर बराबर जाईन," गुलाबसिंग म्हणाला.

पंजाबराव गेल्यावर त्याने पहिल्यांदा एका खुंटीला हात लावला. घट्ट बसली होती. दोनदा पिळल्यावर कुरकुरली आणि फिरली. मग त्याने करंगळी सरळ केली आणि बारीक मानेवर ठेवून पाहिली. अर्धी बाहेर राहत होती. राहू दे म्हणाला.

इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा आर्णीत मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या एसटीने गुलाबसिंग तारांचा सेट आणायला यवतमाळला गेला.